उचललेली गाडी इतकी का आदळते?

चारचाकी : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे सुटे भाग), उंची बदलता येणारे शॉकअप आणि पाटे (लीफ स्प्रिंग) यांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उंचीची मापं मिलिमीटरमध्ये आणि टायरची हवा पीएसआयमध्ये दिली आहे. एक गोष्ट आधीच सांगतो : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. चासीखाली स्टँड हवेत आणि जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत.

प्रश्न : माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे. दोन इंचांचं लिफ्ट किट बसवलं. पुढे कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची रिंग) फिरवून उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (भोवती स्प्रिंग असलेले शॉकअप), मागे पाट्यांत एक जादा पाटा, चारही शॉकअपना कडकपणा बदलणारे आठ क्लिकचे नॉब. टायरही जाड कडांचे एलटी (लाइट ट्रक) घेतले. तेव्हापासून मुंबई-आग्रा हायवेच्या उड्डाणपुलावर प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो. गतिरोधक उतरताना पुढून ‘ठक्’ असा दणका येतो. मागची बाजू तर रिकाम्या गाडीत उडतेच. नॉब पूर्ण नरम करूनही फरक नाही. गॅरेजमध्ये सांगतात, ‘लिफ्ट केली की असंच होणार.’ नरम स्प्रिंग टाकू का? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : स्प्रिंग आत्ता बदलू नका. नॉब पूर्ण नरम करूनही फरक पडला नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती आहे. त्रास शॉकअपच्या तेलातून येत असता तर आठ क्लिकमध्ये चाल थोडी तरी बदलली असती. तुमच्या गाडीत तीन वेगवेगळे त्रास एकत्र आले आहेत : सांध्यांवरची बारीक टकटक, गतिरोधकानंतरचा दणका आणि मागचं उडणं. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि ‘लिफ्ट केली की असंच होणार’ हे तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही.

दणक्यापासून सुरुवात करू, कारण किटचे पैसे वाया जातात ते इथेच.

कॉलर वर चढवली की स्प्रिंग आणखी दबते आणि म्हणून कडक होते, हा समज फार पक्का आहे. गाडी चाकांवर उभी असताना तसं होत नाही. त्या कोपऱ्यावर गाडीचं वजन पूर्वीइतकंच आहे, म्हणून स्प्रिंगही पूर्वीइतकीच दबलेली राहते. कॉलर जेवढी चढते तेवढा शॉकअपचा दांडा बाहेर येतो आणि गाडी वर जाते, एवढंच. तुमच्या गाडीला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं आहे. त्यात शॉकअप लोअर आर्मवर चाकापासून बराच आत टेकलेला असतो, त्यामुळे शॉकअप थोडा हलला की चाक जास्त हलतं. हे प्रमाण ०.६ धरलं तर कॉलर ३० मिमी चढवल्यावर चाकापाशी उंची ५० मिमी वाढते. झाले तुमचे दोन इंच.

हे ५० मिमी चाकाच्या खाली जाण्याच्या जागेतून आलेले असतात. समजा चाकाची एकूण हालचाल २०० मिमी आहे आणि कंपनीच्या उंचीला त्यातली ८५ मिमी खाली जाण्यासाठी राखलेली होती. शॉकअपची लांबी तीच राहिली तर उचलल्यावर ३५ उरतात. गतिरोधक ओलांडून गाडीचं नाक वर उचललं गेलं की चाक ३५ मिमी खाली जातं आणि शॉकअप पूर्ण ताणून आतल्या थांब्यावर आपटतो. तुमचा ‘ठक्’ तो हाच. खड्ड्यातही तसंच होतं. चाकाला खड्ड्यात उतरायला जागा नसल्यामुळे अख्खी गाडी खाली ओढली जाते. शॉकअप संपल्यावर तेलाला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून नॉबही निरुपयोगी ठरतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. सपाट फरशीवर गाडी उभी करा. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. मग त्याच बाजूची चासी जॅकने उचला, चाक हवेत पूर्ण लोंबकळू द्या आणि पुन्हा तेच माप घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे खाली जायला उरलेली जागा. अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणारा दांडा) एका बाजूचं चाक थोडं अडवून धरतो, त्यामुळे पुढची दोन्ही चाकं एकदम उचलून माप घेतलं तर जास्त खरं येतं. फरक ५० मिमीच्या आत असेल तर दणका पक्का. ६५ ते ८० मिमी असेल तर नाशिकच्या रस्त्यांसाठी आणि पेठ रोडच्या घाटासाठीही पुरेसं. वर जाण्याची बाजूही तपासायची असेल तर शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय सैलसर बांधा, सीलपर्यंत सरकवा आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय कुठवर ढकलला गेला ते बघा. पुढे उंची वाढवलेल्या गाड्यांत वरची बाजू बहुतेक वेळा मोकळीच सापडते.

उपाय म्हणजे कॉलर खाली घेणे. चाक लोंबकळत ठेवा. कॉलरची चूड (आटे) पितळी ब्रशने साफ करून तिच्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा. आधी लॉक रिंग सोडवा, मग हूक पान्याने कॉलर फिरवा. वजन असताना कॉलर फिरवली तर अॅल्युमिनियमची चूड चिकटते आणि पुढे ती कापूनच काढावी लागते. कॉलर १२ मिमी उतरवली की चाकापाशी साधारण २० मिमी उंची कमी होते आणि खाली जाण्याची जागा तेवढीच वाढते. दोन्ही बाजूंना सारखंच करा. गाडी जमिनीवर उतरवून पाच-दहा मीटर पुढे-मागे घ्या, कारण उतरवल्या-उतरवल्या टायर आत ओढलेले असतात आणि माप खोटं येतं. नंतरच मोजा. डाव्या-उजव्यात पाच मिमीपर्यंत फरक चालतो.

म्हणजे दोन इंचांची उंची सव्वा इंचावर येईल. हे मनाला लागतं, याची कल्पना आहे. पण दोन इंच ठेवायचेच असतील तर लांब शॉकअप आणि त्याबरोबर बदललेला अप्पर आर्म हवा, कारण उंची वाढली की अप्पर बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या टोकाला पोचतो आणि फोर बाय फोरमध्ये ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटवरही तिरका भार येतो. नुसता लांब शॉकअप टाकला तर चाकाला थांबवण्याचं काम बॉल जॉइंटवर येतं, आणि तो जॉइंट तुटला तर चाक आडवं पडतं. इथे काटकसर करू नका.

उंची बदलली की अलाइनमेंट त्याच दिवशी. कास्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) कमी झालेला असतो, त्यामुळे हायवेला स्टिअरिंग हलकं आणि भटकं वाटतं. हेडलाइटची झोतरेषाही खाली-वर होते, तीही लावून घ्या.

आता उड्डाणपुलावरची टकटक. उड्डाणपुलाचा सांधा छोटा आणि धारदार असतो. तिथे चाक जेमतेम काही मिलिमीटर हलतं, त्यामुळे खाली जायला जागा किती आहे याचा इथे फारसा संबंध नाही. इथे दोन संशयित आहेत : टायर आणि बुश.

एलटी टायरच्या कडेवर लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) लिहिलेली असते. सी म्हणजे सहा प्लाय दर्जा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. ई टायर मालवाहू कामासाठी असतो. त्याची कड वाकतच नाही आणि टायर स्वतः जड असल्याने शॉकअपला त्याला आवरायला जास्त कष्ट पडतात. त्यात टायरवाले पुष्कळदा कडेवर छापलेला कमाल आकडा बघून हवा भरतात. तो आकडा टायरची मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीला किती हवी ते सांगत नाही. दरवाज्याच्या खांबावरचा स्टिकर बघा. मूळ मापाच्याच पण एलटी जातीच्या टायरला त्याच वजनासाठी थोडी जास्त हवा लागते, म्हणून पुढे स्टिकरपेक्षा तीन पीएसआय जास्त आणि मागे रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. टायर गार असताना भरा, पाऊण तास हायवेला चालवा आणि लगेच मोजा. चारच्या आसपास वाढली तर बरोबर. सहा किंवा जास्त वाढली तर हवा कमी आहे, कड वाकून टायर तापतोय. दोन-तीन पीएसआय वाढवा. दोनच वाढली तर जास्त भरलेली आहे, तेवढीच कमी करा. भार भरला की मागची हवा पुन्हा वाढवायची, हे विसरू नका.

बुशकडे तर कोणी बघतच नाही. लोअर आणि अप्पर आर्मच्या आतल्या टोकाचे रबरी बुश फिरत नाहीत, ते पिळले जातात. आतली नळी बोल्टने चासीला घट्ट आवळलेली असते, बाहेरची आर्मला, आणि मधलं रबर पीळ घेतं. किट बसवताना चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर बुशची शांत अवस्था तीच ठरते. गाडी चाकांवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते जादा स्प्रिंगसारखं काम करतं, बारीक धक्के चासीत पाठवतं आणि लवकर फाटतं. कॉइलओव्हरच्या खालच्या बोल्टचंही तसंच. उपाय फुकट आहे. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर चाकांवरच उभी करा, अलाइनमेंटच्या कॅम बोल्टवर रंगाची खूण करा, सगळे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, बम्परवर दोन माणसांनी उभं राहून गाडी पाच-सहा वेळा दाबा आणि मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. हे काम उंची पक्की झाल्यावरच करायचं. उंची पुन्हा बदलली तर बोल्ट पुन्हा सैल करून आवळावे लागतात.

मागचं उडणं जादा पाट्यामुळे आहे. एकाच जाडीचे पाच पाटे असताना सहावा त्याच जाडीचा घातला तर पाट्यांची जुडी साधारण २० टक्के कडक होते. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो : ८ मिमीच्या जागी १० मिमीचा पाटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. किटमधला जादा पाटा बहुधा जाड, आखूड आणि जास्त वाकवलेला येतो. त्याची टोकं वरच्या पाट्याला एकाच जागी टोचतात आणि तिथे जुडी हलायची थांबते. तो काढून टाका. मागे उंची हवीच असेल तर अख्खी जुडी बदला, आणि ती तुमच्या गाडीत रोज असणाऱ्या वजनाप्रमाणे निवडा. चांगल्या पाट्यांच्या यादीत नेहमीच्या वजनाचा गट दिलेला असतो. कॅनोपी, जादा टाकी, हत्यारांची पेटी कायम नसेल तर सगळ्यात हलका गटच तुमचा. कधीमधी वजन नेणाऱ्याने जड गट घेतला की बाकीचे सगळे दिवस कंबर मोडते.

जुडी बदलल्यावर शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) बघा. पाटा दबला की लांब होतो, म्हणून मागच्या शॅकलचं खालचं टोक रिकाम्या गाडीत थोडं मागे झुकलेलं हवं. जास्त बाक असलेल्या नव्या पाट्यामुळे ते सरळ उभं किंवा पुढे कललेलं असेल, तर पाट्याला लांब व्हायला वाट मिळत नाही आणि धक्का थेट चासीत जातो. यू-बोल्ट नवेच वापरा, जुने ताणलेले असतात. ५०० किमीनंतर गाडी चाकांवर असताना पुन्हा आवळा. मागच्या ब्रेकला भाराप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. गाडी उचलली की त्याला ‘गाडी रिकामी आहे’ असं वाटतं आणि भरलेल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. दांड्याचा ब्रॅकेट उंचीच्या हिशोबाने हलवून घ्या. मागच्या ब्रेकचा रबरी पाइपही चाकं लोंबकळत असताना ताठ होत नाही ना, हे पाहा.

नॉब सगळ्यात शेवटी. घड्याळाच्या दिशेने हलकेच बंद होईपर्यंत फिरवा, जोर लावू नका, आणि तिथून क्लिक मोजत पूर्ण सोडा. सुरुवात पूर्ण नरम. कायम एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, ३० ते ४० किमीने तपासा. लांबट उंचवट्यावरून गाडी एकदा वर, एकदा खाली होऊन शांत झाली पाहिजे. तशी होत नसेल तर दोन क्लिक वाढवा. आधी फक्त पुढे, मग फक्त मागे. एका वेळी एकच बदल, आणि वहीत लिहून ठेवा. डाव्या-उजव्याला क्लिक सारखेच.

जादा क्लिकचा एक फसवा परिणाम सांगायलाच हवा. बहुतेक एकनॉबी शॉकअपमध्ये नॉब मुख्यतः स्प्रिंग परत उसळण्याचा वेग आवरतो. तो फार आवळला तर सलग छोट्या खड्ड्यांवर स्प्रिंग पुरती परत यायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर (वर जाणाऱ्या चाकाला अडवणाऱ्या रबरावर) चालते. तेव्हा चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग नरम पडली, आणि तो आणखी दोन क्लिक आवळतो. गाडी एकट्या खड्ड्यावर बरी पण हरसूलकडच्या उखडलेल्या रस्त्यावर असह्य असेल, तर क्लिक कमी करा.

प्रश्न : माझी जुनी थार सीआरडीई आहे. पुढे टॉर्शन बारचे (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचे) बोल्ट आवळून उंची वाढवली, मागे लांब शॅकल टाकले. पुढून गाडी लाकडासारखी झाली आहे आणि ६०च्या पुढे खालून थरथर येते. (त्र्यंबक रोड, नाशिक)

उत्तर : कारण वरच्या उत्तरातलंच, फक्त कॉलरच्या जागी बोल्ट. टॉर्शन बारचा बोल्ट आवळल्याने बारचा कडकपणा बदलत नाही, आर्म खाली जातो. तुमचा आर्म उभ्या गाडीतच खालच्या थांब्याच्या रबराला टेकला असण्याची दाट शक्यता आहे. गाडी सपाट जागी उभी करून टॉर्चने बघा. आर्म आणि त्या रबरामध्ये बोट जात नसेल तर निदान पूर्ण.

पुढची चाकं उचलून बारवरचा भार काढा, बोल्टला रंगाची खूण करा आणि दोन्ही बाजूंनी सारखेच फेरे सोडा. एका वेळी दोन. प्रत्येक वेळी गाडी उतरवून पुढे-मागे लोटा आणि मापा. आर्म आणि रबरामध्ये २० ते २५ मिमी फट दिसली की थांबा. आर्म थोडाच हलला तरी चाक जास्त हलतं, त्यामुळे ही फट दिसते त्याहून मोठी असते. या गाडीत पुढे बोल्टने मिळणारी उंची एक इंचाच्या आसपासच समजा. त्याहून जास्त उंची हवी असेल तर थोडे मोठे टायर हा जास्त समंजस मार्ग, अर्थात स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासत नाहीत हे पाहूनच.

थरथर मागच्या लांब शॅकलमुळे आहे. शॅकल लांबला की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, एक्सल कलतो आणि डिफरन्शियलचं तोंड वर होतं. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन जुळेनासे होतात आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात झटके देतो. मूळ शॅकल परत लावा, किंवा पाटा आणि एक्सलमध्ये दोन्ही बाजूंना सारख्या कोनाच्या पोलादी पाचरी बसवून तोंड खाली आणा. अॅल्युमिनियमच्या पाचरी नकोत, त्या चिरडतात. पाचर बसवताना सेंटर बोल्टही थोडा लांब लागतो.

प्रश्न : आमची बोलेरो पिकअप आहे. लिफ्ट नाही, पण भारासाठी मागे दोन जादा पाटे घातलेत. बागेतून पॅकहाऊसपर्यंत द्राक्षाचे क्रेट नेताना अर्ध्या भारात मागची गाडी उडते आणि खालच्या क्रेटमधले मणी गळतात. पाटे काढले तर कांद्याच्या वेळी गाडी बसेल. (निफाड तालुका)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, कारण एकाच गाडीला दोन विरुद्ध कामं आहेत. दोन्ही जादा पाटे मुख्य जुडीत कायम बसलेले असतील तर ते रिकाम्या गाडीतही वजन घेतात. त्याऐवजी हेल्पर पाट्याची रचना करून घ्या. मुख्य जुडीच्या वर वेगळा, कमी बाकाचा पाटा असतो आणि त्याची टोकं चासीवरच्या ठोकळ्यांपासून थोडी अलग राहतात. भार वाढून गाडी बसली की तो टेकतो आणि काम सुरू करतो. पाटेवाल्याकडे जाताना दोन मापं घेऊन जा : रिकाम्या गाडीत आणि तुमच्या नेहमीच्या द्राक्षाच्या भारात एक्सल ते चासी किती अंतर राहतं. हेल्पर पाटा द्राक्षाच्या भारानंतर टेकला पाहिजे, ही अट त्याला स्पष्ट सांगा. पाटे कितीही वाढवले तरी परवान्यातलं वजन वाढत नाही. एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात.

हे होईपर्यंत तीन गोष्टी लगेच करता येतील. मागची हवा पूर्ण भाराची असते, ती द्राक्षाच्या फेरीला भाराप्रमाणे कमी करा आणि कांद्याच्या फेरीआधी पुन्हा भरा. क्रेट मागच्या फाळक्याला टेकवून न रचता केबिनच्या बाजूने रचत या. एक्सलच्या मागचा भाग सगळ्यात जास्त उडतो, तिथे द्राक्ष नकोच. आणि पाटे सोडवून गंज खरवडून काढा. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, आणि बारीक खड्ड्यावर अख्खी जुडी एका लोखंडी पट्टीसारखी वागते. पोलादावर पोलाद घासणाऱ्या जुडीला ग्राफाइट ग्रीस लावा. टोकांना नायलॉनचे तुकडे असतील तर ग्रीस लावू नका. फार गंजून खड्डे पडलेला पाटा पुन्हा बसवू नका, तो तिथूनच तुटतो.

प्रश्न : बाहेर वेगळी टाकी असलेल्या शॉकअपमधला नायट्रोजन कमी केला तर गाडी नरम होईल का? (सिडको, नाशिक)

उत्तर : नाही. नायट्रोजनचं काम तेलात बुडबुडे होऊ न देणं हे आहे. १६ मिमीच्या दांड्यावर २०० पीएसआयचा दाब सुमारे २८ किलो जोर देतो. दाब ५० ने कमी केला तर फक्त सात किलोचा फरक पडतो. गाडीच्या वजनापुढे तो काहीच नाही. उलट दाब कमी झाला की खराब रस्त्यावर तेल फेसाळतं आणि शॉकअप अचानक रिकामा झाल्यासारखा वागतो. उत्पादकाने दिलेला आकडाच ठेवा, तो बहुतेक शॉकअपमध्ये १५० ते २०० पीएसआय असतो. टायरच्या दुकानातल्या गेजने तो मोजायला जाऊ नका, गेज लावताना काढताना निम्मा वायू निघून जातो.

प्रश्न : लिफ्टबद्दल आरटीओ किंवा विमा कंपनी अडवू शकते का? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : अडवू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि पाटे विकू नका, गुंडाळून ठेवा. उंची परत मूळ मापाला आणायची वेळ आली तर तेच लागतात.

प्रश्न : कॉलर खाली घेतली, दणका गेला. पण हळू वेगात, एकच चाक खड्ड्यात गेलं की पुढून ‘टक्’ वाजतं. (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : एकाच चाकावर वाजतंय, म्हणजे आधी अँटी-रोल बारच्या लिंक बघा. गाडीची उंची बदलली की लिंक तिरक्या होतात आणि त्यांच्या टोकाचे बॉल सैल पडतात. गाडी चाकांवर असताना एकाने गाडी डावी-उजवी हलवावी, दुसऱ्याने लिंकवर बोट ठेवावं. सैल बॉल बोटाला लगेच कळतो. तपासासाठी दोन्ही लिंक सोडवून, बार चाकाला किंवा पाइपला लागणार नाही असा बांधून, वस्तीतल्या मोकळ्या रस्त्यावर २० किमीच्या वेगाने एक चक्कर मारा. आवाज गेला तर लिंक बदला, जोडीनेच बदला. लिंक सोडलेली गाडी हायवेला काढू नका, वळणावर ती फार कलते.

आवाज तसाच राहिला तर कॉइलओव्हरच्या वरच्या मधल्या नटकडे जा. तो नट दांडा फिरू न देता आवळावा लागतो आणि घाईत तो अर्धवट राहतो. त्यानंतर कॉलरवरची लॉक रिंग तपासा. उंची बदलल्यावर ती कॉलरला घट्ट भिडवलेली नसेल तर कॉलर चुडीवर हलते आणि नेमका असाच आवाज करते. दोन्ही आवळून झाल्यावर कॉलर आणि चुडीवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली तर कॉलर फिरली आहे, उंची पुन्हा मोजा.